अबाबीलचं घर

गेल्या वर्षी सहावीच्या उर्दूच्या तासाला ‘अबाबील’ हा शब्द आला. अब्रहाच्या हत्तींच्या फौजेवर खडे टाकणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट आमच्या मुलांना घरूनच ठाऊक असते. एका मुलीनं विचारलं, “टीचर, अबाबीलला मराठीत काय म्हणतात?”

“पाकोळी,” मी म्हटलं. अरबीत अबाबील म्हणजे थवेच्या थवे, उर्दूनं मात्र त्याचं पक्ष्याचंच नाव करून टाकलं, हेही सांगितलं.

“म्हणजे आपल्या व्हरांड्यातल्या?”

मी गप्प झाले. पंधराच दिवसांपूर्वी शाळेची तपासणी होती. व्हरांड्याच्या छताला पिसं आणि काड्या थुंकीनं चिकटवलेली पाकोळ्यांची घरटी होती, खाली विष्ठा पडायची. शिपायाच्या हातात काठी देऊन ती पाडायला सांगणारी मीच होते. वर फक्त डाग उरले होते.

मे महिन्यात एका लग्नासाठी वेंगुर्ल्याला गेलो. आमचं डहाणू कोकण किनाऱ्याच्या या टोकाला, वेंगुर्लं त्या टोकाला. तिथून निवतीला जाऊन होडीतून वेंगुर्ला रॉक्स लांबून पाहिले. भर समुद्रात उघडे खडक, त्यांवर शिटेचे पांढरे ओघळ, एकावर दीपगृह आणि वर ओरडत फिरणारे सुरय. होडीवाले काका म्हणाले, “थंय कोण रवणा नाय. गोड्या पाण्याचो थेंबय नाय.”

पण तिथल्या गुहांत एक पाकोळी राहते. पश्चिम घाट, त्यालगतचा किनारा आणि श्रीलंका सोडली, तर जगात ती इतरत्र घरटं करत नाही. गुहेतल्या काळोखात ती टकटक असा आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. घरटं बांधायला तिच्याकडे चिखल नाही, झाड नाही. स्वतःची लाळ, थोडं शेवाळ, थोडी पिसं, एवढ्यावर खडकाला अर्ध्या वाटीएवढं घर चिकटवते आणि त्यात दोन पांढरी अंडी घालते.

हीच लाळ तिचा घात करते. पूर्वेकडच्या देशांत अशा घरट्यांचं सूप महाग विकलं जातं. त्यासाठी चोर बांबूच्या शिड्या लावून गुहेतली घरटी खरवडून न्यायचे. घरटं गेलं की पाकोळी पुन्हा लाळ गाळून नवं बांधायला लागते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं स्थानिकांना सोबत घेऊन ही चोरी रोखण्याचं काम केलं.

या खडकांवरच्या सुरय आणि पाकोळ्यांबद्दल १९४०च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिणारे होते हुमायून अब्दुलअली, सलीम अलींचे नातलग. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबावी म्हणून झगडणारेही तेच. ती १९८७ साली बंद झाली. सलीम अलींचं नाव आमच्या मुलांना माहीत आहे, हुमायूनसाहेबांचं मलाही माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडत होते. चोरानं घरटं पैशासाठी पाडलं, मी शेऱ्यात ‘स्वच्छ’ लिहून यावं म्हणून. पाकोळीच्या बाजूनं पाहिलं तर फरक काय?

नोव्हेंबरात पाच ते बारा तारखेला पक्षी सप्ताह असतो. बारा तारीख सलीम अलींच्या जन्माची. त्या आठवड्यात मी वर्गाला वेंगुर्ल्याची गोष्ट सांगितली आणि काठीचीही. ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता ती म्हणाली, “टीचर, खाली पुठ्ठा लावू या ना. घाण त्यावर पडेल.”

इतकं सोपं होतं ते. पुठ्ठे मुलांनी आणले, शिपायानं खिळे ठोकले. दोन कोपऱ्यांत पाकोळ्यांनी पुन्हा काड्या चिकटवायला सुरुवात केली आहे. बाकीच्या जागी अजून डागच आहेत. रंगवायला माणूस आला, तेव्हा मी ते डाग तसेच राहू द्यायला सांगितलं.