नोंद सापडत नाही

२०१५ च्या ऑगस्ट महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातील संगणकाच्या पडद्यावर, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, फिकट करड्या रंगाची काही इंग्रजी अक्षरे उमटली आणि पुढे पंधरवडाभर हटली नाहीत. ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ एवढाच त्यांचा अर्थ. दाखल्यासाठी येणारी मंडळी टेबलापलीकडे बसत, त्यांना ती दिसत नसत. आम्हांला मात्र दुसरे काही दिसत नसे.

त्याची हकीकत अशी. २९ जुलै २०१५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ही नवी कार्यप्रणाली आणली आणि ज्यांच्याकडे विंडोज ७ किंवा ८.१ ची अधिकृत प्रत होती त्यांना ती वर्षभर विनामूल्य देऊ केली. आमच्याकडे विंडोज ७ होती. पंचवीस अक्षरांची तिची परवाना-की संगणकाच्या पेटीवर चिकटवलेली होती. धर्मग्रामाच्या पैशांतून, रीतसर पावती करून घेतलेली. संगणक मात्र थकला होता. सकाळच्या मिस्सेनंतर बटण दाबावे, चहा घेऊन यावे, तेव्हा कुठे तो जागा होई.

युवक मंडळातील एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी मदतीला आला. म्हणाला, “फादर, आहे त्याच्यावरच नवीन चढवलं तर जुना कचरा तसाच राहील. सगळं पुसून कोरं करू या.” आम्हांला ही कल्पना फारच आवडली. पाटी कोरी करण्याची हौस आमच्या पेशालाच आहे म्हणा ना! नोंदींच्या फायली दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याचे शहाणपण आम्हांला सुचले, हे नशीब. मग त्याने डिस्कवरचे सारे कप्पे पुसले. जुनी प्रणाली पुन्हा उभी करता यावी म्हणून राखून ठेवलेला कप्पाही त्यातच गेला.

तासाभरात नवी प्रणाली आली. पण ॲक्टिव्हेशनची वेळ आली तेव्हा पेटीवरची की तिने नाकारली. पुन्हा घातली, पुन्हा नकार.

चूक आमचीच होती, आणि ती समजून घ्यायला आम्हांला दोन दिवस लागले. सवलत त्या जुन्या कीला नव्हती. जुन्यावरून नव्याकडे जाणाऱ्या संगणकाला होती. जुनी प्रणाली जागेवर असताना तिच्यातूनच नवी चढवायची. तसे केले की जुना परवाना तपासला जातो आणि त्या यंत्राचा एक ठसा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवला जातो. यंत्रातील निरनिराळे भाग पाहून तो ठसा घेतला जातो. त्यातही भर मदरबोर्डवर, म्हणजे बाकी सारे भाग ज्याच्यावर बसतात त्या मुख्य फलकावर. एकदा ही नोंद झाली की डिस्क कितीदाही पुसा. की विचारली तर ‘नंतर’ म्हणून पुढे जायचे. इंटरनेट जोडताच यंत्र ओळखले जाते. आम्ही त्या वाटेने एकदाही न जाता थेट कोऱ्या पाटीवर उतरलो होतो. हक्क होता, नोंद नव्हती.

याच पंधरवड्यात आखातातून महिन्याच्या रजेवर आलेली एक परिचारिका कार्यालयात आली. तिचे लग्न ठरले होते, बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. तिचा जन्म आजोळी, आमच्या धर्मग्रामात, १९७९ सालचा. आम्ही त्या वर्षाची वही पाहिली, मागची-पुढची पाहिली. नाव नाही.

“नोंदच नाही, तर दाखला कशावरून देणार?” आम्ही म्हणालो.

“फादर, आई नेहमी सांगायची, याच चर्चमध्ये झाला म्हणून.”

“आईला बोलवा मग.”

“आई गेली.”

शेजारच्या धर्मग्रामात चौकशी करा, असे सांगून आम्ही तिला वाटेला लावले. ती गेली, आम्ही पडद्याकडे वळलो, आणि कोपऱ्यातील ती अक्षरे जागच्या जागी होती. धर्मशास्त्राचा ८७६ वा नियम आम्ही सेमिनरीत पाठ केला होता: कोणाच्या हिताला बाध येत नसेल तर बाप्तिस्म्याच्या पुराव्याला एका विश्वासू साक्षीदाराचे निवेदन पुरते. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळाले होते. त्या बाईसमोर तो आठवला नाही; रात्री आठवला.

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी हळूच म्हणाला, “फादर, एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. पाच मिनिटांत अक्षरं जातील. परवाना तर आपण विकत घेतलाच आहे ना?” युक्तिवाद बिनतोड होता. आम्ही मिनिटभर गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे. असल्या प्रोग्रॅममधून व्हायरस येण्याची भीती होतीच. पण खरे कारण ते नव्हे. त्या मुलाच्या देखत ‘चालेल’ म्हणायला जीभ रेटली नाही. तो समोर नसता तर काय झाले असते, ते आम्हांला सांगवत नाही.

शेवटी एका धर्मगुरुबंधूंकडून विंडोज ७ ची डिस्क आणली आणि उलटी वाट धरली. पेटीवरची की तिने घेतली, पण ॲक्टिव्हेशन इंटरनेटवरून होईना. दूरध्वनीवरून करावे लागले. पडद्यावर नऊ गटांत चौपन्न अंक आले ते कळवायचे, उत्तरादाखल आठ गटांत अठ्ठेचाळीस अंक येतात ते भरायचे. बाहेर पाऊस कोसळत होता. आम्ही एकेक अंक मोठ्याने म्हणत होतो आणि तो लिहून घेत होता. मग विंडोज ७ मधूनच विंडोज १० चढवली. दुपार गेली. “आता पुसू, फादर?” त्याने विचारले. “आधी नीट बघ,” आम्ही म्हणालो. त्याने सेटिंग्ज उघडून ‘ॲक्टिव्हेटेड’ हा शब्द दाखवला. तेव्हा पुन्हा सारे पुसले, नव्याने घातले, की विचारली तेथे ‘नंतर’ म्हटले. इंटरनेटची वायर जोडल्यावर काही मिनिटांत तोच शब्द आपोआप आला. कोपरा मोकळा झाला.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीपासून विंडोज ७ ची की थेट चालू लागली. म्हणजे तीन महिने धीर धरला असता तर एवढा खटाटोप वाचला असता. सवलतीची मुदत २९ जुलै २०१६ ला संपली, तरी कीची ही वाट २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत उघडीच होती. २०१६ च्या ऑगस्टपासून ही नोंद आपल्या खात्याशी जोडून ठेवण्याची सोय झाली होती. आम्ही आळस केला. पुढे २०१९ च्या पावसाळ्यात मदरबोर्ड जळला आणि त्याच्याबरोबर यंत्राची ओळखही गेली. आता तर विंडोज १० चा आधारकाळही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. असो.

कोपरा मोकळा झाला त्याच संध्याकाळी आम्ही छत्री घेऊन त्या परिचारिकेच्या आजोळच्या आळीत गेलो. तिची धर्ममाता हयात होती, ऐंशी ओलांडलेली. तिला सारे आठवत होते: पाऊस होता, फादरांना यायला उशीर झाला, बाळाचा पांढरा झगा शेजारणीकडून मागून आणला होता. आम्ही तिचे निवेदन लिहून घेतले, तिने खाली अंगठा उठवला.

दाखला घ्यायला आलेली ती मुलगी उठताना पडद्याकडे पाहून म्हणाली, “नवा घेतला का फादर?”

“नाही,” आम्ही म्हणालो, “तोच आहे.”