घारीला जात कोणी दिली?

मे महिन्यातला रविवार होता. सुटीत दहा पक्षी पाहून त्यांची माहिती वहीत लिहायची, असे मुलीला शाळेतून सांगितले होते. भाकरी-चटणी बांधून आम्ही मायलेकी उजाडता उजाडता पनवेलच्या कोळीवाड्याजवळ खाडीवर गेलो. दुर्बीण नव्हती. विहारातल्या वाचनालयातून आणलेले पक्ष्यांचे एक पुस्तक तेवढे जवळ होते.

ओहोटी लागली होती. गाळ उघडा पडला, खेकडे बाहेर आले, तसे पक्षी उतरू लागले. चिखलाच्याच रंगाचा वंचक उडाला तेव्हा कुठे त्याचे पांढरे पंख दिसले. बांबूवर खंड्या बसला होता. तिवरांच्या कडेला बगळे होते, टिटवी ओरडत होती. एवढ्यात तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची एक घार पाण्यावरून फिरत आली. मुलीने पुस्तकात शोधले. नाव होते ब्राह्मणी घार. तिची पेन्सिल थांबली.

"आई, पक्ष्यांमध्ये पण जात असते?"

माझ्या काळजात चर्र झाले. गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या घरी तिला आधी आडनाव विचारले आणि मग पाणी बाहेर आणून दिले होते. तेव्हा ती काहीच बोलली नव्हती.

मला लगेच उत्तर सुचेना. तेवढ्यात घार खाली आली आणि काठावरचा मेलेला मासा उचलून गेली. जाळे साफ करणारी मावशी म्हणाली, "मेलेली मासळी तीच नेते. म्हणून बंदर साफ राहते."

मला महाड आठवले. आपल्याच रायगड, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. मृत मांस खाणे सोडा, असेही त्यांनी त्या परिषदेत बजावले. मेलेली ढोरे ओढणारी आपली माणसे अस्पृश्य ठरली. मेलेले मासे खाणारी घार मात्र ब्राह्मणी! काही ठिकाणी तर तिला गरुडाचे रूप मानतात. मग जात कामावरून ठरते, हे खरे कसे?

मी मुलीला म्हटले, "बाळ, जात घारीत नाही. नाव देणाऱ्याच्या मनात आहे. शास्त्रात तिला हॅलिअॅस्टर इंडस म्हणतात. त्यात कुठली जात आहे?" मग 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातली गोष्ट सांगितली. देवदत्ताच्या बाणाने पडलेला पक्षी सिद्धार्थाने उचलला, तेव्हा त्याने फक्त त्याची जखम पाहिली.

मुलीने वहीत लिहिले: 'तांबूस घार. डोके पांढरे. मेलेले मासे खाते.' डोळ्यांनी पाहिले तेवढेच. ऐकले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी सांगितले. ते माझ्या लेकीने त्या सकाळी करून दाखवले.

भगिनींनो, सुटीत मुलांना खाडीवर न्या. खर्च काही नाही. ओहोटीची वेळ कोळी बांधवांना विचारा. मुले प्रश्न विचारतील. त्यांना गप्प मात्र करू नका.