भामटा, बेरड वगैरे

नातवाने डब्यातला लाडू लांबवला की आजी लाडाने म्हणते, 'भामटा मेला!' हाच शब्द प्रांताच्या सहीशिक्क्यानिशी जातीच्या दाखल्यावरही येतो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावे आहेत. त्यात भामटा, राजपूत भामटा, बेरड, रामोशी, कैकाडी, वडार ही सगळी आहेत. सवलत हवी असेल तर पोराने अर्जाच्या रकान्यात तीच शिवी स्वच्छ अक्षरात लिहायची.

*

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. अमक्या जातीत जन्मला म्हणजे चोर, असा तो सरळ हिशेब. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचे तर पास, नाहीतर तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापुरात त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट'च म्हणतात. कायदा १९५२ साली रद्द झाला. जिभेवरचा कोण रद्द करणार?

*

लक्ष्मण गायकवाडांनी आत्मकथनाला नाव दिले 'उचल्या'. भीमराव गस्तींनी दिले 'बेरड'. दोन्ही पुस्तके १९८७ ची. शिवी देणाऱ्याच्या तोंडातून काढून घेऊन मुखपृष्ठावर छापायची, याला छाती लागते. आपण मात्र पुस्तकाची तारीफ करून उठतो आणि पुढच्याच वाक्यात कुणालातरी 'बेरड आहे मेला, काही लागत नाही त्याला' म्हणतो.

*

बेरड म्हणजे निगरगट्ट, कोडगा. हा अर्थ कुणी चिकटवला असेल? कानडीत बेड म्हणजे शिकारी. सुरपूरच्या बेरडांचे वागिणगेरा औरंगजेबाने १७०५ साली वेढले, आणि त्याने जातीने चालवलेला तो शेवटचा वेढा ठरला. त्यांचा राजा पीडनायक झुंजत होता. त्याच्या मदतीला आपले धनाजी जाधव धावून गेले होते. किल्ला पडला, तोवर पीडनायक मागच्या मागे निसटला होता. बादशहाला लागत नव्हता तो खरा बेरड. पुढे १८५७ मध्ये हत्यारे खाली ठेवा म्हटल्यावर हलगलीच्या बेरडांनी ती इंग्रजांवरच उचलली. अशा लोकांचे नाव तक्रारीपुरते उरावे, हे मला तरी पटत नाही.

*

एक आडवळण. 'ठग' हा शब्द इंग्रजांच्या घराघरात नेणाऱ्यांत मेडोज टेलर पुढे होता. ठगाच्या कबुलीजबाबाची त्याची कादंबरी १८३९ ची. पुढे हाच टेलर सुरपूरला बेरडांच्या बालराजाचा पालक म्हणून बरीच वर्षे राहिला, आणि तो पोर त्याला 'अप्पा' म्हणे. १८५८ मध्ये राजाने बंड केले, पकडला गेला, पिस्तुलाच्या गोळीने मेला. टेलरने आत्मचरित्रात त्याच्याविषयी लिहिले आहे ते जिव्हाळ्याने.

*

मांगहृदयी म्हणजे निर्दय. फाशी देण्याचे काम मांगांच्या माथी मारलेले होते. शिक्षा फर्मावणारा वेगळा, ती न्याय्य ठरवणारा वेगळा, बघायला जमणारे वेगळे. काळीज तेवढे दोर ओढणाऱ्याचे काळे ठरले.

*

चांभारचौकशा, धेडगुजरी. दुसरा शब्द भाषेच्या शुद्धतेचा ज्यांना फार सोस, त्यांच्याच लेखणीतून जास्त उतरतो. भाषांतर फसले, जाहिरातीतली मराठी बिघडली, की लिहिले 'धेडगुजरी'. धेड ही अस्पृश्य ठरवलेली जात. मराठी बिघडवली जाहिरात कंपनीने, बोल त्यांना. 'भेसळीची' म्हटले तर काय बिघडते?

*

आपल्याला लागते ते कधी? मुंबईत कुणी 'घाटी' म्हटले की. घाटावरून गिरणीत, गोदीत आलेला तो घाटी. तिथून त्याचा अर्थ अडाणी, गबाळा असा झाला. मग मात्र आपल्याला शब्दाचा इतिहास, श्रमिकांचे योगदान, सगळे आठवते. बंगालात तर आपण याहून वाईट आहोत. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी १७४० च्या दशकात त्या मुलखाची अशी दैना केली, की बारगीरचा 'बर्गी' झाला आणि पोरांना झोपवायला आया त्याची भीती घालू लागल्या. कलकत्त्याभोवती खणलेल्या खंदकाला नावच मराठ्यांचे पडले. अर्थात बर्गी लुटायला गेले होते हे खरेच आहे. पण एका पिढीची लूट आणि अख्ख्या जातीची हजेरी, या दोन गोष्टी एका वजनाच्या नाहीत.

*

जातीवरून अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तो अनुसूचित जाती-जमातींपुरता. बेरड महाराष्ट्रात विमुक्त जातीत, तर कर्नाटकात बेड, नायक, वाल्मिकी ही मंडळी अनुसूचित जमातीत. म्हणजे कागलला बेरडाला जातीवरून चारचौघांत घालूनपाडून बोलले तर तो कायदा लागत नाही. निपाणीच्या बेड-नायकाला बोलले तर लागू शकतो. मधे अर्ध्या तासाचा रस्ता आहे.