अकरा मिलिव्होल्टचा गंधार

माझ्या कामाच्या टेबलावर सागवानाची एक पेटी आहे. हार्मोनियमपेक्षा लहान, आतून जेमतेम ४२७ मिलिमीटर रुंद. दिसायला ती वायरींच्या गुंत्यासारखी वाटते, पण गेली काही वर्षं नाटकांचं पार्श्वसंगीत मी याच पेटीवर करतो आहे. तिच्यात काय ठेवायचं हे ठरवायला मला एक पूर्ण वर्ष लागलं, आणि काय काढायचं हे ठरवायला त्याहून जास्त.

मॉड्यूलर सिंथेसायझर हे तुकड्यातुकड्यांनी विकत घ्यायचं वाद्य आहे. एक तुकडा नाद निर्माण करतो. दुसरा त्यातले वरचे उपस्वर छाटतो. तिसरा आवाज उघडतो आणि मिटतो. चौथ्याला स्वतःचा आवाजच नसतो, तो विजेचा दाब नुसता चढवतो-उतरवतो, आणि तो दाब ज्याला नेऊन जोडाल ते त्याच्या तालावर हलतं. हे मॉड्यूल पेटीत ओळीनं बसवायचे आणि साडेतीन मिलिमीटर जॅकच्या केबलींनी एकमेकांना जोडायचे. जोडणी बदलली की वाद्य बदललं. अशा एका जोडणीला आम्ही पॅच म्हणतो.

आज जगभर हे मॉड्यूल ज्या मापात बनतात, ते म्युनिकजवळच्या डिटर डॉपफर यांनी १९९५ मध्ये आणलेल्या ए-१०० या मालिकेमुळे रूढ झालं. त्याला युरोरॅक म्हणतात. उंची सगळ्यांची सारखी, १२८.५ मिलिमीटर. रुंदी एचपीत मोजायची, एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. माझ्या पेटीत असे ८४ एचपी मावतात. त्याआधीची बरीच मॉड्यूलर वाद्यं कपाटाएवढी असत. तसं मूग कंपनीचं एक वाद्य १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये उभं करून दिलं होतं. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी पुढची तीन वर्षं तिथे केलेलं काम टेपांवर तसंच पडून राहिलं. पॉल पर्गस यांनी त्या टेपा शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या रसिकांपर्यंत पोचल्या. त्या ऐकताना मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे, की पुढे कुणी ऐकेल की नाही याचा विचार न करता ही माणसं त्या यंत्रासमोर बसत होती.

माझी पहिली पेटी चुकली. मी नाद निर्माण करणारे तीन मॉड्यूल घेतले, घुमारा आणि प्रतिध्वनी देणारे दोन घेतले, आणि उरलेल्या जागेत मावेल ते भरलं. प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्रपणे ऐकावा इतका सुंदर होता. एकत्र मात्र सगळे एकदम, सतत आणि एकाच जोरानं बोलायचे. हळू काही वाजेच ना. स्वर लागायचा तो पूर्ण लागायचा, थांबायचा तो तुटल्यासारखा थांबायचा. तालमीत दिग्दर्शक म्हणाले, "छान आहे, पण नटाला बोलायला जागाच नाही." महिनाभर मी आवाज बदलत राहिलो. दोष आवाजांत नव्हताच. त्यांना आवरणारं पेटीत कुणी नव्हतं.

आवरायचं काम व्हीसीए करतो. एका जॅकमधून आत आलेलं काहीही, स्वर असो की नुसता दाब, दुसऱ्या जॅकवरच्या दाबाच्या प्रमाणात पुढे सोडायचं, एवढंच त्याचं काम. विकत घेताना त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण तो ऐकवून दाखवता येत नाही. पण कंप किती असावा, तो वाक्याच्या सुरुवातीला असावा की शेवटी, आघात नखाचा वाटावा की बोटाचा, हे सगळं व्हीसीए ठरवतो. लहान पेटीत तर हे दुपटीनं खरं. मोठ्या पेटीत आवाज बदलून वैविध्य आणता येतं. लहान पेटीत आवाज दोनच, त्यामुळे वैविध्य आणायचं ते कमीअधिकपणातूनच.

म्हणून दुसरी पेटी मी उलट्या टोकाकडून रचली. आधी इंटेलिजेलचा क्वाड व्हीसीए, १२ एचपी, चार व्हीसीए एकत्र. मग मेक नॉइजचा मॅथ्स, २० एचपी. पेटीचा जवळजवळ चौथा भाग यानंच घेतला, पण त्याबद्दल मला कधी हळहळ वाटली नाही. मॅथ्स एकीकडे आवाजाचा चढ-उतार आखतो, दुसरीकडे स्वरावरून स्वरावर जाण्याचा वेळ लांबवतो, आणि त्याच वेळी दोन दाबांची बेरीजही करतो. ठोके आणि मंद लहरी देणारा लंडनच्या एएलएमचा पामेला, ८ एचपी. डॉपफरचा साधा मिक्सर, ८ एचपी. इथवर ४८ एचपी झाले आणि पेटीतून अजून एकही स्वर निघालेला नव्हता. उरलेल्या जागेत पॅरिसच्या एमिली जिये यांच्या म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्सचे तीन मॉड्यूल: स्वरासाठी प्लेट्स, १२ एचपी, तारेसारख्या नादासाठी रिंग्ज, १४ एचपी, आणि रिपल्स हा फिल्टर, ८ एचपी. त्यांनी आपल्या मॉड्यूलचे नकाशे आणि त्यांतली प्रणाली सगळ्यांसाठी खुली केली, म्हणून त्यांचं काम थांबल्यावरही इतर कारागीर ते मॉड्यूल बनवत राहिले. या क्षेत्रात याहून मोठं दान मला माहीत नाही.

इतर कारागिरांनी बनवलेला रिंग्ज ८ एचपीतही मिळतो. मी तो घेऊन पाहिला आणि परत केला. ४० मिलिमीटरात सगळे नॉब दाटीवाटीनं बसवले की एक फिरवताना शेजारचा हलतो, आणि मंचावर अंधारात तर बोटांना वाटच सापडत नाही. पेटी लहान करायची तर मॉड्यूल कमी करावेत, मॉड्यूल बारीक करू नयेत, असं माझं पक्कं मत आहे. बेरीज ८२ वर थांबली. उरलेल्या दोन एचपीवर कोरी पट्टी लावली आहे. तिथे मावतील असे मॉड्यूल बाजारात आहेत. ती पट्टी मी काढणार नाही.

विजेचं थोडक्यात. पॉवर सप्लाय अधिक बारा आणि उणे बारा व्होल्ट देतो. सगळ्या मॉड्यूलना लागणाऱ्या मिलिअँपिअरची बेरीज करावी आणि पाव हिस्सा तरी शिल्लक ठेवावा. आणि चपट्या केबलीची लाल पट्टी उणे बाराच्या बाजूला असते. लाल म्हणजे अधिक, ही शाळेपासूनची समजूत घेऊन मी एक केबल उलटी लावली होती. स्विच टाकल्यावर काही दिसलं नाही, फक्त वास आला. तो मॉड्यूल परत बोलला नाही. तेव्हापासून पेटी उघडली की टॉर्च तोंडात धरून प्रत्येक केबल दोनदा पाहतो.

आता गंधाराकडे येतो.

युरोरॅकमध्ये एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. दाब एका व्होल्टनं वाढला की स्वर बरोबर तार सप्तकात. त्याचे बारा सारखे भाग केले की हार्मोनियमच्या पट्ट्या मिळतात, प्रत्येक भाग ८३.३ मिलिव्होल्टचा. षड्जापासून शुद्ध गंधार चार भाग वर, म्हणजे ०.३३३ व्होल्टवर. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा जो स्वयंभू गंधार, त्याचं षड्जाशी नातं पाचास चार असं आहे, आणि तो ०.३२२ व्होल्टवर येतो. फरक अकरा मिलिव्होल्टचा. कागदावर नगण्य, कानाला मुळीच नगण्य नाही. काळी एकच्या षड्जावर पट्टीचा गंधार लावला की दोघांचे उपस्वर ६९३ आणि ६९८ हर्ट्झच्या आसपास एकमेकांवर घासतात आणि सेकंदाला साधारण साडेपाच वेळा थरथर ऐकू येते. कल्याणसारख्या रागात, जिथे गंधारावर मुक्काम करायचा, तिथे ती थरथर मला सहन होत नाही.

ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलं. पुढे क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांबरोबर त्यांनी श्रुती हार्मोनियमचा खटाटोप केला, आणि त्या श्रुती गळ्यातून पडताळून पाहायला अब्दुल करीम खाँसाहेब होते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण महाराष्ट्रात सुरू झालेल्या त्या वादाचा एक लहानसा तुकडा माझ्या टेबलावर येऊन पडला आहे, याचं मला अप्रूप वाटतं.

पेटीबाहेर बत्तीस पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड आहे, पण त्यातून ०.३३३च येणार. म्हणून आलापासाठी मी कीबोर्ड काढून ठेवतो आणि मॅथ्सच्या तिसऱ्या भागात काहीच न जोडता त्याचा नॉब वापरतो. आत काही जोडलेलं नसलं की तो उणे पाचपासून अधिक पाच व्होल्टपर्यंत दाब देतो. पण दहा व्होल्ट म्हणजे दहा सप्तकं. नॉब साधारण ३०० अंशांत फिरतो, तर त्यात अकरा मिलिव्होल्ट म्हणजे एका अंशाचा तिसरा हिस्सा. हातानं ते साधणं अशक्य. कितीतरी रात्री मी त्या नॉबवर श्वास रोखून बोट ठेवलं आणि गंधार दरवेळी निसटला.

उत्तर मिळालं ते मिरजेत, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत. घरचा तंबोरा जवारीसाठी नेला होता. वृद्ध कारागीर घोडीवर तारेखाली दोरा सरकवत होते. केसभर पुढे, परत मागे, मग तार छेडून मान कलती करून ऐकायचं. नादाची कळी उमलेपर्यंत पाऊण तास गेला. मग सूर लावायला घेतला. खुंटी एकदाच पिळली आणि सोडून दिली. पुढचं सगळं घोडीखालच्या मण्यांनी. मी विचारलं, "खुंटीनंच पुरा सूर का नाही लावत?" वर न बघताच ते म्हणाले, "खुंटीला बारीक कळत नाही साहेब. खुंटीनं जवळ आणायचं, मण्यानं बसवायचं."

परतीच्या गाडीत तंबोरा मांडीवर आडवा धरून मी मनातल्या मनात पॅच जोडत होतो. मॅथ्सचा नॉब ही खुंटी होती. माझ्याकडे मणी नव्हता.

मणी पेटीत आधीपासूनच होता. घरी आल्यावर मॅथ्सचा दाब सरळ प्लेट्सला न देता व्हीसीएमधून नेला, आणि व्हीसीए इतका मिटला की दहा व्होल्टांतला एकच पलीकडे जाईल. आता पूर्ण नॉब फिरवला तरी एकच सप्तक, आणि अकरा मिलिव्होल्टांना तीन अंशांहून जास्त जागा. तीन अंश बोटाला कळतात. षड्ज रिंग्जवर, पामेलाच्या ठोक्यांनी संथपणे छेडला जाणारा. गंधार प्लेट्सवर, रिपल्समधून थोडा मऊ केलेला. नॉब हळूहळू मागे घेत गेलो तशी थरथर मंदावत गेली. पाच, तीन, एक, मग एक लांब हेलकावा. आणि मग दोन आवाज उरलेच नाहीत. खोलीत मी एकटाच होतो. डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून पेटीतले चार व्हीसीए मी असे वाटले आहेत: एक प्लेट्सचा आवाज उघडायला-मिटायला, एक मण्यासाठी, एक आंदोलनासाठी. पामेलाची मंद लहर तिसऱ्यातून स्वरापर्यंत जाते, आणि ती किती जावी हे दुसऱ्या हाताशी असतं. कीबोर्ड वापरायचा तेव्हा मींड मॅथ्सच्या पहिल्या भागातून. तिथे चढायचा आणि उतरायचा वेळ वेगवेगळा ठेवता येतो, आणि एका नॉबनं वळणही बदलतं. सरळ रेषेत गेलेली मींड मला घसरगुंडीसारखी वाटते. आधी झपकन निघून स्वराजवळ पोचताना रेंगाळणारी गळ्यातली वाटते. ते वळण नेमकं कुठे ठेवायचं हे रागागणिक वेगळं, आणि खरं तर दिवसागणिकही. चौथा व्हीसीए रिकामा ठेवला आहे. तालमीत दिग्दर्शक काहीतरी मागतात आणि नेमका तो उपयोगी पडतो.

प्रयोगाच्या दिवशी मी पेटी दोन तास आधी सुरू करतो. थिएटर बंद असताना गरम असतं, वातानुकूलन सुरू झालं की थंड होतं, आणि तेवढ्यानंही दाब दोन-चार मिलिव्होल्ट सरकतो. दुसऱ्या घंटेला गंधार पाहतो. एका तरुण सहकाऱ्यानं विचारलं होतं, "दादा, नॉबवर पेन्सिलनं खूण का नाही करत? रोज शोधायला नको." मी केली होती. दुसऱ्या दिवशी ती खूण गंधारापासून बोटाच्या कडेइतकी दूर होती, म्हणून पुसून टाकली.

घंटा होते, विंगेतले दिवे मंदावतात. कानाला हेडफोन, षड्ज चालू, अंगठा आणि तर्जनी नॉबवर. थरथर येते, लांबते. ती थांबली की मी हात काढून घेतो, आणि तिसरी घंटा होते.