ट्रकमधून आलेली शाळा

मुलांनो, तुम्ही रोज शाळेत जाता. पण शाळाच कधी तुमच्याकडे आली आहे का? तीही ट्रकवर बसून? हसू नका! आमच्या गावात अशी शाळा आली. दारं, खिडक्या, पंखे, फळा असं सगळं अंगावर लेवूनच आली. त्या शाळेची आणि माझ्या आबांची ही गोष्ट आहे. खरं सांगायचं तर माझ्या एका चुकीची आहे. पण ते पुढे येईलच.

आमचं गाव मुळशी तालुक्यात. पुण्याहून चांदणी चौक ओलांडला, की भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड अशी गावं लागतात. माले मागे टाकलं, की धरणाचं पाणी दिसू लागतं आणि रस्ता ताम्हिणीच्या घाटाकडे निघतो. त्याच अंगाच्या डोंगरात आमचं घर. इथला पाऊस तुम्ही वर्तमानपत्रात वाचलाच असेल. जूनमध्ये आभाळ फाटतं, ते गणपती-गौरी होईपर्यंत काही सांधत नाही. त्या दिवसांत इथे कोणी बांधकामाचं नाव काढत नाही. विटा भिजतात, वाळू वाहून जाते, आणि सिमेंटच्या गोण्या दगड होऊन बसतात.

माझे आबा गवंडी. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. लहानपणी मला भातुकली नव्हती, पण ओळंबा, गुण्या आणि थापी होती. सगळ्यात आवडती होती ती पाण्याची नळी. लांबलचक पारदर्शक नळीत पाणी भरायचं. एक टोक आबांनी एका कोपऱ्यात धरायचं, दुसरं मी दुसऱ्या कोपऱ्यात. मधे नळी कशीही वेडीवाकडी पडू दे, दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं. तिथे खुणा केल्या, की झाली जमीन सपाट आहे की नाही याची परीक्षा! पुढे विज्ञानाच्या पुस्तकात हा धडा आला, तेव्हा बाईंच्या आधी मीच उत्तर दिलं होतं.

मी शिकून इंजिनियर झाले आणि पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात लागले. तिथे खोल्या तयार होतात. हो, बिस्किटं किंवा सायकली व्हाव्यात तशा खोल्या! आधी लोखंडी चौकट जोडायची. तिला गंज लागू नये म्हणून रंगाचे थर द्यायचे. मग जमीन, भिंती आणि छप्पर बसवायचं. भिंतीच्या दोन पत्र्यांमध्ये ऊन आणि आवाज अडवणारा जाड थर भरायचा. विजेच्या ताराही तिथेच आत घालायच्या. हे सगळं छपराखाली चालतं, त्यामुळे बाहेर पाऊस पडो की गारा, काम थांबत नाही. रस्त्यावरून नेता यावी म्हणून एकेक पेटी साधारण आठ फूट रुंद ठेवतात. मोठा वर्ग हवा असेल तर तीन पेट्या शेजारी शेजारी बसवायच्या आणि मधल्या भिंती करायच्याच नाहीत.

तुम्ही म्हणाल, म्हणजे बांधकामावर साहेबांसाठी ठेवतात ती पत्र्याची केबिनच की! नाही बरं का. ती केबिन काम संपलं की उचलून नेतात. ही पेटी काँक्रीटच्या पायावर बोल्टांनी पक्की बसवतात, ती कायमची. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, दुकानं अशा ठिकाणी वर्षानुवर्षं वापरायची.

आबांना हे मुळीच पटलं नव्हतं. "इंजिनेर झालीस आन् डबं करतीस व्हय?" ते म्हणायचे. त्यांच्या मते भिंत अशी हवी, की बैलानं धडक दिली तर शिंग मोडावं!

एकदा एका लग्नासाठी आम्ही मुंबईला गेलो. मी मुद्दाम आबांना काळा घोड्याला नेलं. तिथे एस्प्लनेड मॅन्शन नावाची जुनी इमारत आहे. पूर्वीचं हे वॉटसन हॉटेल. तिचे लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या गेल्या, जहाजांतून मुंबईला आल्या आणि १८६० च्या दशकात इथे जोडल्या गेल्या. ७ जुलै १८९६ रोजी आपल्या देशात पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला, तो याच हॉटेलात. "आबा, ही पण बाहेर करून आणलेली. दीडशे वर्षं उभी आहे!" मी ऐटीत म्हणाले.

आबांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. २००५ साली या इमारतीचा काही भाग कोसळला होता आणि २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी केली गेली. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी ते म्हणाले, "उभी हाय खरी. पर पाणी मुरलंय हिच्यात. कुनी बघितलंच न्हाई हिच्याकडं." माझी ऐट तिथेच उतरली. वस्तू कुठे केली याचा मी विचार करत होते. तिची निगा कोणी राखली, हे आबा बघत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या गावच्या शाळेच्या दोन खोल्या धोकादायक ठरल्या. छपराचे वासे वाळवीनं पोखरले होते. एक अख्खा पावसाळा मुलं देवळाच्या सभामंडपात बसली. एका बाजूनं पावसाची झड यायची आणि दुसऱ्या बाजूला पाचवीचे पाढे चालायचे. नव्या खोल्यांना पैसे मंजूर झाले ते मार्चमध्ये. पावसाला उरले अडीच महिने. विटांच्या दोन खोल्या एवढ्यात कशा व्हायच्या? मग ग्रामसभेत ठरलं, की कारखान्यातून करून आणायच्या. कारण सोपं होतं. गावात पाया होत असतानाच कारखान्यात खोल्या होतात, दोन्ही कामं एकाच वेळी चालतात आणि निम्मे दिवस वाचतात.

हे काम आमच्याच कारखान्याला मिळालं. पायाची तपासणी माझ्याकडे आली.

आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तीन म्हैन्याचं काम व्हतं गं. माझं न्हाई म्हनत मी, माजं वय झालं. पर चार पोरं हायेत माझ्या हाताखाली." मला घास गिळवेना. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलांना जूनमध्ये कोरडी खोली हवी होती, हे खरं. त्या चौघांची मजुरी गेली, हेही खरंच. पाया, पायऱ्या, ओटा आणि गटार एवढं काम त्यांना मिळालं. पण तीन महिन्यांचं नव्हे.

आता माझी चूक सांगते.

दोन वर्गांसाठी सहा पेट्या येणार होत्या आणि त्यांच्या कोपऱ्यांखाली काँक्रीटचे चौदा चौथरे केले होते. ते सगळे एका पातळीत हवेत. मी उत्तरेकडून मापं घ्यायला लागले. अकरा झाले आणि वळवाचा पाऊस कोसळला. उरले तीन. मी लांबूनच त्यांच्यावर नजर टाकली, वहीत 'बरोबर' असं लिहिलं आणि गाडीत जाऊन बसले.

मेच्या अखेरीस ट्रक आले. अख्खा गाव गोळा झाला. क्रेननं पहिली पेटी उचलली. तीन-चार टनांची खोली हवेत झुलताना पाहून पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती अलगद दक्षिणेच्या चार चौथऱ्यांवर टेकली आणि एका पाय आखूड असलेल्या टेबलासारखी डुगडुगली!

माझ्या पोटात गोळा आला. विटेच्या भिंतीत थोडी चूक झाली तर ती मालात जिरवता येते. इथे तसं नाही. पहिली पेटी कलली, की शेजारचीची भोकं तिच्या भोकांसमोर येत नाहीत. बोल्ट जात नाहीत, दारं अडकतात आणि सांध्यांतून पाणी शिरतं. नेमकं त्या दिवशी आमचं पातळी मोजायचं यंत्र दुसऱ्या कामावर गेलं होतं. क्रेन एका दिवसाच्या भाड्यानं आणलेली, आणि पश्चिमेला ढग जमू लागलेले. "जोर लावून आवळा बोल्ट, बसेल," कोणीतरी म्हणालं.

"आवळू नका," मागून आवाज आला. उंबराखाली बसलेले आबा उठले होते. घरी जाऊन ते पाण्याची नळी घेऊन आले. एक टोक त्यांनी धरलं आणि दुसरं काही न बोलता माझ्या हातात दिलं. किती वर्षांनी मी ते टोक धरत होते! चौदाच्या चौदा चौथरे आम्ही तपासले. दक्षिणेचा एक दीड सेंटिमीटर खाली होता. त्याच्या शेजारचा त्याच्या निम्म्यानं. दोन्ही मी न मोजलेल्या तिघांपैकीच.

"चूक माझी आहे," मी सगळ्यांसमोर म्हणाले. कान तापले होते, पण म्हणाले.

मग त्या दोन चौथऱ्यांवर मापाच्या लोखंडी पट्ट्या ठेवल्या. पेटी पुन्हा टेकवली. या खेपेला ती हलली नाही. पट्ट्यांभोवतीच्या फटीत न आकसणारं सिमेंटचं मिश्रण आबांनी स्वतः थापीनं भरलं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास सहावी पेटी बसली.

सगळे पांगल्यावर आबा एकटेच आत गेले. कोपऱ्यातले खांब, वरची चौकट आणि खालची चौकट त्यांनी हातानं चाचपली. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे किल्लारीचा भूकंप झाला, तो तुमच्या आईबाबांना आठवत असेल. सुमारे आठ हजार माणसं गेली. तिथल्या घरांच्या दगडी भिंती चांगल्या हात-दीड हात जाड होत्या. पण दगड मातीत रचलेले होते, एकमेकांना बांधलेले नव्हते. वर मातीच्या माळवदाचं ओझं होतं. हादरा बसला आणि सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. तिकडे पुन्हा घरं बांधायला जे गवंडी गेले, त्यांत आबाही होते. परतल्यापासून ते प्रत्येक भिंतीत सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा फिरवतात. गिऱ्हाईकानं नको म्हटलं तरी!

बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "चारी अंगांनी बांधल्यालं हाय. वरनं, खालनं बी." शाबासकी म्हणायची तर ती हीच.

रात्री अंगणात त्यांनी विचारलं, "वहीत काय लिवलं व्हतंस?"

"बरोबर."

"मंग ते खोड आदी."

मी वही काढली, तो शब्द खोडला आणि समोर खरी मापं लिहिली. ती वही अजून माझ्या टेबलावर असते.

जुलैत मी शाळेत गेले. बाहेर धो धो पाऊस चालला होता. आत बाई कविता शिकवत होत्या आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होतं. छताच्या दोन पत्र्यांमधल्या थरानं पावसाचा ताशा बराच आत घेतला होता. सगळंच छान नव्हतं. पोरांनी उड्या मारल्या की जमीन ढोलासारखी वाजते, आणि पोरं ती मुद्दाम वाजवतात! आबा सांध्यांवर तळहात फिरवत होते. एका ठिकाणी ओल लागली. ती त्यांनी त्याच आठवड्यात बुजवून घेतली. आता दर वर्षी रोहिणी नक्षत्र लागलं, की ते आपल्या चार पोरांपैकी एकाला घेऊन शाळेला चक्कर मारतात. पन्हाळी साफ करायची, बोल्ट बघायचे, गंज खरवडून रंग लावायचा. "डबा" हा शब्द मात्र त्यांनी सोडलेला नाही.

अशी बांधकामं आता तुम्हालाही दिसतील. हिंजवडीकडे गेलात तर मेट्रोच्या खांबांवरचा पूल नीट बघा. त्याचे काँक्रीटचे तुकडे दुसरीकडे ओतून, आणून वर जोडलेले आहेत. नवी मुंबईत उलव्याला २०२२ साली अशाच तयार तुकड्यांमधून ९६ घरांची बारा मजली इमारत ९६ दिवसांत उभी राहिली.

आणि हो, घरी एक गंमत करून बघा. एक पारदर्शक नळी घ्या, तिच्यात पाणी भरा, आतले हवेचे बुडबुडे घालवा. एक टोक तुम्ही धरा आणि दुसरं आई, बाबा, आजोबा, कोणाच्याही हातात द्या. मग खोलीच्या चारही कोपऱ्यांची पातळी तपासा. चारही तपासा हं. शेवटचा कोपरा नुसत्या डोळ्यांनी बघून 'बरोबर' लिहू नका!