शिदोरीचे वजन

माझ्या कादंबऱ्यांतली माणसे फारशी जेवत नाहीत. ती प्रेमात पडतात, घर सोडून जातात, क्वचित डोंगरही ओलांडतात. पण वाटेत त्यांनी काय खाल्ले, हे मी आजवर एकाही पानावर लिहिलेले नाही. कुणा वाचकाने विचारलेही नाही. त्यामुळे असेल, राजगडावरून तोरणा आणि तोरण्यावरून रायगड अशी चार दिवसांची पायपीट करायचे आम्ही ठरवले, तेव्हा शिदोरीचा विषय मला अगदीच किरकोळ वाटला. "ते माझ्याकडे सोपवा," असे मी मोठ्या ऐटीत सांगून टाकले.

आम्ही चौघे होतो. चौघेही एकाच शाळेतले मास्तर. मास्तरांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की आधी वही येते. मी वही आखली. प्रयोगशाळेतला ताणकाटा मागून आणला. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9 कॅलरी मिळतात, साखरेतून नि पिठातून 4. तेव्हा थोड्या वजनात जास्त ताकद हवी तर शेंगदाणे, चिक्की, खजूर, तुपातले बेसनाचे लाडू, झालेच तर बिस्किटे. पाणी पाठीवर वाहणे हा शुद्ध मूर्खपणा, म्हणून कांदेबटाटे बाद. 100 ग्रॅम टोमॅटोत सुमारे 94 ग्रॅम पाणीच असते, हे तर मी खडूने फळ्यावर लिहून दाखवले. माणशी दिवसाला 800 ग्रॅम, म्हणजे चौघांचे चार दिवसांचे पावणेतेरा किलो. हिशेबात तोळ्याची चूक नव्हती.

पहिल्या दिवशी गुंजवण्याहून राजगड चढलो. पद्मावती माचीवर बसून खाल्लेली चिक्की अमृतासारखी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी, संजीवनी माची मागे टाकून तोरण्याच्या वाटेला लागल्यावर, तीच चिक्की तोंडात फिरू लागली. संध्याकाळी तोरण्यावर पोहोचलो तेव्हा लाडवाचा डबा मी उघडला आणि तिघांनीही तोंडे फिरवली. आमचे ड्रॉइंगचे मास्तर तेवढे केविलवाण्या सुरात म्हणाले, "कुणी मला एक हिरवी मिरची देईल का हो?"

आम्ही हसलो. ते तसेच झोपले. सकाळी पाठपिशवी उचलून चार पावले टाकतात न टाकतात तोच त्यांना घेरी आली आणि ते तटाशी मटकन बसले. आजार कसलाच नव्हता. पोट रिकामे होते, एवढेच. दोन्हीकडून हात धरून त्यांना वेल्ह्याला उतरवले. रायगड राहिला.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी उरलेला माल तोलला. दोन दिवसांचा उरायला हवा होता, तो तीन दिवसांचा उरला होता. "ओझं करून नेलंत आणि ओझं करूनच आणलंत," त्या म्हणाल्या. यावर माझ्या वहीत उत्तर नव्हते.

आई कोपऱ्यात तांदूळ निवडीत बसली होती. तिचे माहेर कोकणातले, सासर वारकऱ्यांचे; आळंदीहून पंढरपूरपर्यंत ती वडिलांबरोबर कितीतरी वेळा चालत गेलेली. चिक्कीचा तुकडा बोटात धरून ती म्हणाली, "अरे, सगळं गोडच? उन्हातून चाललेल्या माणसाला गोड गिळवत नाही. आणि जिभेला नको झालं, की पोटाला विचारतो कोण?"

मग तिने जे सांगितले ते मी त्याच वहीत, माझ्या हिशेबावर आडवी रेघ मारून, लिहून घेतले. पहिल्या दिवशी ओले, दुसऱ्या दिवशी निमओले, तिसऱ्या दिवसापासून कोरडे. पहिल्या दिवशी पोळी नि परतलेली भाजी. वजन असते, पण ते संध्याकाळपर्यंत पाठीवरून उतरते. दुसऱ्या दिवशी दशम्या. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, लसणीच्या चटणीबरोबर थंडच चांगली लागते आणि तिच्यासाठी चूल मांडावी लागत नाही. पुढे मात्र पीठच.

मला गंमत वाटली ती याची, की गिर्यारोहणाच्या दुकानांत चकचकीत पाकिटांतून जे मिळते, ते आमच्या फडताळात पिढ्यान्‌पिढ्या बसून आहे. पोहे घ्या. पोहे म्हणजे घरीच निम्मा स्वयंपाक उरकून निघालेला तांदूळ. त्याला डोंगरावर फक्त पाणी दाखवायचे. मेतकूट घ्या. डाळ शिजायला वेळ लागतो, वेळ म्हणजे गॅस, आणि गॅस म्हणजे पुन्हा वजनच. (रानातली लाकडे तोडून चूल पेटवणे आता बरे नव्हे.) पण तीच डाळ घरी खमंग भाजून, दळून नेली की काम संपले. हिमालयात बारा हजार फुटांवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळू लागते नि डाळ शिजायला फार वेळ लागतो. तिथे तर मेतकुटाची किंमत सोन्यासारखी व्हावी. भाताचेही तसेच. आईने भात मोकळा शिजवला, धुतलेल्या पंचावर पसरला नि उन्हात खडखडीत वाळवला. मूठभर दाण्यांवर उकळते पाणी ओतून झाकण ठेवले, की पाव तासात ताटभर भात. वर मेतकूट आणि चमचाभर तूप.

या सगळ्यांचा राजा म्हणजे कुळथाचे पीठ. पाण्यात कालवायचे, दोन आमसुले टाकायची, पाचसात मिनिटे रटरटू द्यायचे. वजन किती? माणशी एक मूठ.

पुढल्या डिसेंबरात पुन्हा निघायचे ठरले. या वेळी मी, माझा सतरा वर्षांचा मुलगा आणि ड्रॉइंगचे मास्तर. मास्तर आधी तयारच नव्हते. शिदोरी आई करणार आहे, हे कळल्यावर हो म्हणाले. आई महिनाभर राबत होती. एका जेवणाला एक पिशवी. पिठात तिखट, हळद, मीठ, परतून वाळवलेला लसूण आधीच कालवलेला, म्हणजे वर डबे उघडत बसायला नको. आमसुले, भाजलेले पापड, शेंगदाण्याची चटणी. लाडू होते, पण माणशी दोनच. माणशी दिवसाला 650 ग्रॅम भरले. मी वजन करीत होतो तेव्हा ती हसत होती.

निघायच्या आदल्या रात्री तिने एक पुरचुंडी आणून माझ्या हातात दिली. मीठ होते.

"आई, मीठ सगळ्यात घातलंयस की तू."

"घातलंय. तरी असू दे. हल्ली माझं काही खरं नसतं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मोहरीच्या पठारावर होतो. समोर लिंगाण्याचा सुळका, त्यामागे रायगड, आणि आमच्या पातेल्यात पिठले रटरटत होते. लसणीचा वास असा सुटला, की मास्तर ताटली घेऊन उकळी यायच्या आधीच बसले. मुलाने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मीही घेतला. पिठल्यात मिठाचा कणही नव्हता. उद्याची पिशवी उघडून चाटून पाहिली, तीही तशीच. परवाचीही.

आयुष्यात कधी जिची आमटी अळणी झाली नव्हती, तिने बहुधा एकाच परातीत सगळे पीठ कालवले होते आणि मीठ घालायचे राहून गेले होते. मी मुकाट्याने पुरचुंडी सोडली. मुलगा काही बोलला नाही. मास्तरांना यातले काहीच कळले नाही. त्यांनी तीनदा पिठले वाढून घेतले आणि पातेले पापडाने पुसून काढले.

चौथ्या दिवशी सिंगापूरच्या नाळेने कोकणात उतरलो, आणि पाचव्या दिवशी सकाळी रायगड चढलो. मास्तर सर्वांच्या पुढे होते. शिदोरीत एक लाडू उरला होता, त्याचे त्यांनी तीन भाग केले.

घरी आलो तो आई दारातच. पाणी देण्याआधी तिने पिशव्या उलट्या केल्या आणि रिकामे डबे धुवायला एकीकडे काढू लागली.

"मीठ बरोबर होतं ना रे?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. मुलानेही जोरजोराने मान हलवली.

तिने पुरचुंडी उचलली, तळहातावर घेऊन क्षणभर तोलली.

"मग यातलं अर्धं काय माकडांनी खाल्लं?" असे म्हणून ती पुढचा डबा उघडू लागली.