लोणारचा दैत्य आणि कयाधूचा डोह

#थ्रेड

१/१२
हिंगोलीच्या एका तरुणाने ‘द लॉक’ ही कादंबरी दोन रात्रींत वाचून संपवली. स्टीव्ह ऑल्टेन या अमेरिकी लेखकाची २००५ सालची ही थरारकथा स्कॉटलंडच्या नेस सरोवरात घडते. लहानपणी त्या पाण्यात बुडता बुडता वाचलेला नायक पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ होतो आणि अनेक वर्षांनी त्याच काळ्या पाण्याकडे परततो. पुस्तक मिटताना त्या तरुणाने ठरवले की अशी एक कादंबरी आपल्या मुलखाविषयी मराठीत लिहायची. तो इतिहासाचा विद्यार्थी होता. त्याला आता एक सरोवर हवे होते आणि एक दैत्य.

२/१२
या इच्छेमागे एक जुनी जखम होती. तो दहा वर्षांचा असताना त्याचा सवंगडी कयाधू नदीत बुडाला होता. घरात त्या मृत्यूचे कारण एकाच वाक्यात सांगितले जाई. आजी म्हणे, “आसरायनं नेलं त्याला.” साती आसरा म्हणजे डोहात, विहिरीत, बारवेत वास करणाऱ्या सात जलदेवता. त्यांची ओटी भरतात, त्यांना हळदकुंकू वाहतात आणि मुलांना त्यांचे भय घालतात. कादंबरीतला बुडता नायक वाचताना त्याला आपला मित्र आठवला होता. त्या मित्राला ओढून नेणारा कोणीतरी त्याला कागदावर पकडायचा होता.

३/१२
त्याने आधी नेसचा इतिहास धुंडाळला. सातव्या शतकाच्या अखेरीस ॲडोम्नान याने लिहिलेल्या संत कोलंबाच्या चरित्रात नेस नदीतल्या एका श्वापदाचा उल्लेख आहे. मात्र आज जगाला ठाऊक असलेला प्राणी १९३३ सालच्या वृत्तपत्रांतून जन्मला. त्याच सुमारास सरोवराच्या काठाने नवा रस्ता तयार झाला होता. वर्षअखेरीस काठावर सापडलेले पावलांचे ठसे पाणघोड्याच्या वाळवलेल्या पायाने उमटवलेले निघाले. १९३४ सालचे सुप्रसिद्ध छायाचित्र खेळण्यातल्या पाणबुडीवर मान बसवून घेतले होते, ही कबुली १९९४ साली प्रसिद्ध झाली. २०१८ साली पाण्यातील डीएनएचे नमुने तपासले गेले. त्यांत सरीसृपाचा मागमूस नव्हता, ईल माशांचा अंश मात्र विपुल होता.

४/१२
मग तो स्वतःच्या जिल्ह्याकडे वळला आणि पहिल्याच पावलाला अडखळला. मराठवाड्याच्या या पठारावर नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही विस्तीर्ण पाणी दिसणारी स्थळे म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली धरणे. पुराणपुरुष दैत्याला राहण्याइतके त्यांचे वय नाही. गंमत अशी की गावाजवळच्या नदीचे नाव मात्र दैत्यकुळातले आहे. हिरण्यकशिपूची पत्नी आणि प्रल्हादाची आई तिचेही नाव कयाधूच.

५/१२
पाण्यातला दैत्य त्याला औंढा नागनाथला भेटला. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत दारुक आणि दारुका या राक्षस दांपत्याची कथा आहे. पार्वतीच्या वरामुळे दारुकेला आपले वन हवे तिथे नेता येई. और्व ऋषींच्या शापाच्या भयाने तिने ते समुद्रात नेले. पुढे राक्षस जलमार्गाने येणाऱ्या माणसांना धरून बंदीत टाकू लागले. त्यांत सुप्रिय नावाचा शिवभक्त वैश्य होता. त्याच्या रक्षणासाठी शंकर प्रकटले, तेच नागेश ज्योतिर्लिंग. कथेचा शेवट मात्र अनपेक्षित आहे. दारुका पार्वतीला शरण जाते आणि राक्षसांच्या कुळाला अभय मिळते. इथला दैत्य पुरता मरत नाही.

६/१२
औंढ्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. दारुकावनावर गुजरातेत द्वारकेजवळच्या नागेश्वराचाही दावा आहे, उत्तराखंडातल्या जागेश्वराचाही. कथा यात्रेकरूंच्या पावलांनी प्रवास करते आणि जिथे थांबते तिथली होते. औंढ्याच्या यादवकालीन मंदिरात गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद वाटेने खाली उतरावे लागते. तरुण तिथे उतरला, दर्शन घेऊन वर आला. कादंबरीला लागणारा अंधार त्याला मिळाला होता, पण पाणी मिळाले नव्हते.

७/१२
पाण्यासाठी तो सेनगाव-रिसोडमार्गे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला गेला. तिथली कथा तर तयार थरारकादंबरीच. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखालच्या विवरात लपून राही आणि परिसराला छळी. विष्णूने दैत्यसूदन नावाच्या देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोन बहिणींची मने जिंकली आणि त्यांच्याकडून लपण्याची जागा काढून घेतली. पायाच्या अंगठ्याने त्याने विवराचे झाकण दूर भिरकावले. दैत्य निजलेला सापडला, द्वंद्व झाले, दैत्य मेला. सरोवर हे त्याचे विवर, पाणी हे त्याचे रक्त आणि त्यातले क्षार हे त्याचे मांस. दूरवरची एक टेकडी ते भिरकावलेले झाकण मानली जाते. ब्रिटिशकालीन गॅझेटियरांनीही ही कथा नोंदवली आहे.

८/१२
१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले गेले. १९७३ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या शोधनिबंधाने ते अशनीच्या आघाताचे विवर असल्याचे पुराव्यांनिशी मांडले. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे १५० मीटर, आणि तेही बेसाल्ट खडकात, म्हणून चंद्रावरच्या विवरांशी तुलना करण्यास विशेष उपयुक्त. वयाविषयी मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

९/१२
पुराणकाराला अशनी ठाऊक नव्हता, पण त्याने विवराकडे नीट पाहिले होते. ही जागा आतून उघडी पडली आहे, काहीतरी उसळून दूर फेकले गेले आहे आणि पाणी इतर पाण्यांसारखे नाही, ही तिन्ही निरीक्षणे कथेत आहेत. दैत्याच्या नावातच मीठ आहे. या क्षारांवर माणसे जगलीही आहेत. ‘ऐन-ए-अकबरी’त इथल्या काच आणि साबण बनवण्याच्या साहित्याचा उल्लेख येतो. पुढेही इथून दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांचे क्षार काढले जात.

१०/१२
कादंबरीचा घात मात्र याच क्षारांनी केला. पाणी इतके अल्कधर्मी की त्यात मासे जगत नसत. मग महाकाय प्राणी खाणार काय? या पाण्याचे खरे रहिवासी सूक्ष्म आहेत. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. तरुण काठावरच्या धारेजवळ बसला. तिथे गोड पाण्याचा झरा वाहतो आणि खाली खारे पाणी पसरले आहे. लवणासुराच्या कथेत त्याला एक गोष्ट आता ठळक दिसली. दैत्याशी लढण्याआधी देव चौकशी करतो. तो कुठे राहतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो आधी गाठतो.

११/१२
परतल्यावर त्याने आजीला विचारले, आसरांचा डोह नेमका कुठे होता? आजीने हात वरच्या अंगाला केला. मित्र बुडाला ती जागा तर खालच्या अंगाला होती. “मग तो तिथे कसा बुडाला?” आजी बराच वेळ गप्प राहिली. “तिथं डव्ह नव्हताच बाळा. गुडघाभर पाणी असायचं. वाळू नेली, तवा खड्डा झाला.” नदीपात्रातून वाळू उपसली की राहिलेला खड्डा पावसाळ्यात गढूळ पाण्याने भरतो आणि वरून त्याची खोली कळत नाही. “मग आसरांनी नेलं असं का सांगितलंस?” आजी म्हणाली, “त्याच्या मायीला काय सांगावं?”

१२/१२
त्या उत्तरापुढे त्याची कादंबरी थांबली. आसरांच्या कथेने एका आईला दुःख सोसण्यापुरता आधार दिला होता आणि शतकानुशतके लेकरांना खोल पाण्यापासून दूर ठेवले होते. तिच्याच आडोशाला तो खड्डा मात्र बिनबोभाट राहिला. इतिहासाच्या वाचकाला दैत्याची कथा भेटली की ती खरी की खोटी, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. सांगणाऱ्याने काय पाहिले होते, कुणाला सांगितले आणि काय सांगायचे टाळले, हे आधी विचारावे. त्या तरुणाने वहीचे नवे पान उघडले आणि मित्र बुडाला ते साल लिहिले. त्याखाली एक ओळ लिहिली : या वर्षी इथे गुडघाभर पाणी असायला हवे होते.